फराळातले फळ

दिवाळी अंक हाती घेतलेल्या वाचकाच्या दुसऱ्या हातात बहुधा चकली असते. निदान आमच्या घरी तरी असतेच. अंकाच्या पानावर उमटलेले तेलकट बोट हीच त्या अंकाची खरी पोचपावती, असे माझे वडील म्हणत. अशा वेळी वजन, पोट आणि पथ्य यांची भाषा काढणारा लेखक म्हणजे मंगलकार्यात येऊन उधारीची वही उघडणारा पाहुणाच. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की कोणाच्याही बशीतला लाडू काढून घेण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मला लिहावयाचे आहे ते फळांविषयी. फळे खाल्ल्याने माणूस रोडावतो की जाड होतो, हा प्रश्न आमच्या घरी एका उन्हाळ्यात उभा राहिला होता; आणि त्याचे उत्तर मी घाईने दिले आणि चुकीचे दिले.

माझ्या आईचे गुडघे दुखत. जिना चढताना ती प्रत्येक पायरीवर थांबे आणि थांबल्याचे कोणाला कळू नये म्हणून काहीतरी बोले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "आजी, दहा किलो वजन उतरवा, गुडघे तुम्हांला दुवा देतील." साखरेचा विकार तिला नव्हता, विकार होता तो वजनाचाच. झाले! घरात सल्लागारांची सभा भरली. मावशीचे म्हणणे पडले, की पंधरा दिवस नुसत्या फळांवर राहा, अंग आपोआप हलके होईल. शेजारच्या एका वाचनप्रिय गृहस्थांनी नेमके उलटे सांगितले. फळ म्हणजे निव्वळ साखर. ते आधी बंद करा. मी पडलो मास्तर. ज्याचे बोलणे अधिक शास्त्रीय वाटले ते मी मानले, फुलस्केप कागदावर तक्ता आखला आणि तांबड्या पेन्सिलीने आंबा, केळे, चिकू, द्राक्षे, सीताफळ, फणस या सर्वांवर काट मारली.

त्या वर्षी हापूसची पेटी आली. आईने नेहमीप्रमाणे आंबे गवतातून काढले, पुसले, चिरले, सर्वांच्या बश्या भरल्या. मग म्हणाली, "अरे, एक फोड घेऊ का रे?" मी म्हणालो, "आई, नाही म्हणजे नाही. साखर आहे ती." ती पुन्हा काही बोलली नाही. हात धुऊन आत गेली.

आता गंमत पाहा, आणि तिला गंमत म्हणताना आजही माझी जीभ अडखळते. त्या तक्त्यावर एकादशीची साबुदाण्याची खिचडी नव्हती, कारण तो उपवास. चतुर्थीचे बटाट्याचे पापड नव्हते, कारण तेही उपवासाचेच. दिवसातून चार वेळा दोन-दोन चमचे साखर घातलेला चहा नव्हता, कारण चहा म्हणजे काय खाणे आहे? श्रावण आला तरी वजनाच्या काट्याने जागा सोडली नव्हती. पुढच्या पौषात आई गेली. तिच्या जाण्याचे कारण निराळेच होते, त्याचा आंब्याशी किंवा वजनाशी संबंध नव्हता. पण ती शेवटचा एक आंब्याचा हंगाम आंब्यावाचून काढून गेली, आणि तो तिला मी तसा काढावयास लावला, ही गोष्ट काही केल्या मनातून जाईना.

शिकवण्याचा विषय इतिहास. मनाला टोचणी लागली, की मागच्या माणसांनी काय केले हे पाहावयाचे, ही आमच्या धंद्याची सवय. तेव्हा मी या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

•

सुरुवात आपल्या घरापासून, म्हणजे 'फराळ' या शब्दापासूनच करू. हा शब्द आला 'फलाहार' या शब्दावरून. फल अधिक आहार. उच्चारात घासत घासत त्याचा झाला फराळ. ज्या दिवशी धान्य शिजवून खावयाचे नाही त्या दिवशी फळे, कंद, मुळे, दूध यांवर राहावयाचे, हा फलाहाराचा मूळ अर्थ. पुढे उपवासाला चालणारे कोणतेही खाणे फराळाचे झाले. आणि त्याहून पुढे जेवणाव्यतिरिक्तचे सगळेच खाणे फराळ ठरले. आज दिवाळीच्या फराळात शेव आहे, चिवडा आहे, करंजी आहे, शंकरपाळे आहेत. नाही ते एकच, फळ! घराला ज्याचे नाव दिले तो मालक कधीच घराबाहेर पडला, आणि पाटी मात्र तीच राहिली.

उपवासाच्या फराळाची कथा तर याहून मौजेची आहे. आपल्या ताटातले उपवासाचे पदार्थ मोजा. साबुदाणा, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची. यांतला प्रत्येक जिन्नस मूळचा अमेरिका खंडातला. आपला साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेचा. कोलंबस १४९२ साली निघाला त्यापूर्वी यांतले काहीही आपल्याकडच्या एकादशीला ठाऊक नव्हते. ज्ञानदेवांच्या काळच्या वारकऱ्याने साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असणे शक्यच नाही. परदेशातून ही मंडळी आली, आणि शास्त्रात त्यांच्यावर बंदी लिहिलेली नव्हती म्हणून उपवासाच्या पंगतीला जाऊन बसली. त्यांना जागा करून देताना फळ सरकत सरकत ताटाच्या कडेला गेले.

आता आकडे पाहू. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि तंतू जवळजवळ नसतातच. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. उलट १०० ग्रॅम आंब्याच्या गरात ६० च्या आसपास, पेरूत ७० च्या आत, पपईत ४० च्या थोड्या वर आणि कलिंगडात सुमारे ३०. म्हणजे माझ्या तक्त्याने आईच्या ताटातून ६० चे फळ काढले होते आणि ३५० चा साबुदाणा त्यावरच्या शेंगदाण्यांच्या कुटासकट तसाच ठेवला होता.

•

आपले जुने वैद्य याबाबतीत माझ्याहून सावध होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, त्याचे नाव 'अष्टौनिन्दितीय'. शरीराच्या ठेवणीमुळे ज्यांना निंदा सोसावी लागते अशी आठ प्रकारची माणसे त्यात सांगितली आहेत. फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, अगदी केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार कृश. या आठांपैकी शेवटच्या दोघांचीच चिकित्सा ग्रंथकाराने विस्ताराने केली आहे. लठ्ठ माणसाला धाप लागते, घाम फार येतो, भूक-तहान अति होते, आयुष्य कमी होते, हे सगळे तेथे आहे.

आणि उपाय? लठ्ठ माणसाला असे अन्न द्यावे, की जे पचावयास जड पण पुष्टी न करणारे असेल. साध्या मराठीत सांगावयाचे तर पोट भरावे पण अंगी लागू नये. पुढे औषधांची नावे येतात. त्यांत त्रिफळा आहे, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा ही तीन फळेच. जवाबरोबर आवळ्याचे चूर्ण आहे, ताक आहे, मध आहे. त्याबरोबर जागरण, व्यायाम आणि डोक्याचे काम हळूहळू वाढवावे, असेही सांगितले आहे. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तपासणाऱ्या आम्हां मास्तरांची पोटे मग का सुटतात, हे चरकाचार्यांना विचारावयास हवे.

पण याच ग्रंथात पुढे सत्ताविसाव्या अध्यायात फळांचा वर्ग दिला आहे. तेथे पिकलेला आंबा मांस आणि बळ वाढवणारा म्हटला आहे, आणि खजूर पुष्टी देणारा. म्हणजे फळाने वजन घटते की वाढते, असा प्रश्न कोणी चरकाला घातला असता, तर त्याने उलट विचारले असते, "कोणते फळ? आणि कोणाला?" आवळा आणि खजूर ही दोन्ही झाडालाच लागतात म्हणून दोघांचा न्याय एका वाक्यात करावयाचा नसतो. माझ्या तांबड्या पेन्सिलीला हा विवेक नव्हता.

•

आता जरा लांबचा प्रवास करू. कारण वजन उतरवण्याच्या पथ्याची पहिली गाजलेली पुस्तिका ज्याने लिहिली तो माणूस लंडनचा होता. वैद्य नव्हता, पंडित नव्हता. प्रेतयात्रेची व्यवस्था पाहणे हा त्याच्या घराण्याचा धंदा. राजघराण्यातले अंत्यविधीही त्यांच्याकडे असत. नाव विल्यम बँटिंग.

उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वयाची पासष्टी उलटलेली. बुटाचे बंद बांधता येईनात. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून जिना पाठमोरा उतरावा लागे. हे वाचले तेव्हा मला आमचा जिना आठवला. बँटिंगने सर्व उपाय करून पाहिले होते. एकाने व्यायाम सांगितला म्हणून पहाटे उठून टेम्स नदीत नाव वल्हवली. दंड बळकट झाले, पण भूक अशी खवळली, की वजन आणखी वाढले. अखेर ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वेने पॅरिसला क्लोद बर्नार यांची यकृत आणि साखर यांवरची व्याख्याने ऐकली होती. त्याने कान तपासले आणि पोटाचे पथ्य सांगितले. पाव, लोणी, दूध, साखर, बीअर आणि बटाटे बंद.

१८६२ च्या ऑगस्टात हे पथ्य सुरू झाले आणि साधारण वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे जवळजवळ २१ किलो वजन उतरले. १८६३ साली बँटिंगने स्वखर्चाने एक पुस्तिका छापून वाटली. ती इतकी गाजली, की इंग्रजीत 'बँटिंग करणे' म्हणजे वजन उतरवणे असा वाक्प्रचार रूढ झाला. स्वीडिश भाषेत तर त्या अर्थाचे 'बांता' हे क्रियापद अजून चालू आहे. आडनावाचे क्रियापद होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो.

आता आपला मुद्दा. साखर आणि पाव यांवर इतकी कडक बंदी घालणाऱ्या या पथ्यात फळाचे काय झाले? फळ राहिले! संध्याकाळी चहाबरोबर दोन-तीन औंस, म्हणजे ६० ते ८५ ग्रॅम फळ त्याला मुभा होती. आणि दुपारच्या मोठ्या जेवणात, मोठी मार्मिक सवलत आहे पाहा, पुडिंगमधले फळ खावयाचे आणि पुडिंग सोडावयाचे. इंग्रज घरांत फळ शिजवून पिठाच्या, साखरेच्या आवरणात घालीत. हार्वेने आवरण नाकारले, आत दडलेले फळ नाकारले नाही. आपल्याकडे आंबा आमरसात दडतो, वर तुपाची धार येते, आणि त्याच्या संगतीने आठ-दहा पुऱ्या आत जातात. मग वजन वाढले, की आपण आरोपी म्हणून धरतो तो आंब्याला. पुऱ्या साक्षीदार म्हणूनही बोलावल्या जात नाहीत.

•

बँटिंगनंतर या प्रश्नाने अटलांटिक ओलांडला आणि तेथे त्याला व्यापाराचे पाणी मिळाले. १९३४ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित वैद्यकीय संस्थेतील डॉक्टर जॉर्ज हॅरप यांनी अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेच्या नियतकालिकात लठ्ठपणावर एक पथ्य प्रसिद्ध केले. ते होते केळी आणि साय काढलेले दूध! आपल्याकडे किडकिडीत पोराला अंग धरावे म्हणून जे देतात, ते तेथे लठ्ठ माणसाला रोडावण्यासाठी. बरे, वजन उतरलेही. मग खरे कोण, आपली आजी की बाल्टिमोरचा डॉक्टर?

दोघेही. आपल्याकडचा मुलगा दोन वेळा पोटभर जेवून शिवाय केळे आणि सायीचे दूध घेतो. तेथला रुग्ण केळ्याशिवाय आणि सायीवाचूनच्या दुधाशिवाय फारसे काही खातच नव्हता. दिवसभराची बेरीज १,००० कॅलरींच्या आसपास राही. वजन केळ्याच्या गुणाने उतरले नाही, बाकीच्या ताटाच्या अभावाने उतरले. पण केळ्यांचा प्रचंड व्यापार करणाऱ्या युनायटेड फ्रूट कंपनीने ही वार्ता हौसेने सर्वत्र पोचवली. जाहिरातीत ताट दिसत नाही, केळे तेवढे दिसते.

ग्रेपफ्रूटची हकीकत तशीच. हे फळ आपल्या पपनसाच्या नात्यातले. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून ते कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर अठराव्या शतकात निपजले. १९३० च्या सुमारास हॉलिवुडच्या नटींचे म्हणून 'अठरा दिवसांचे पथ्य' अमेरिकेत पसरले. प्रत्येक जेवणाबरोबर अर्धे ग्रेपफ्रूट. लोक म्हणाले, या फळात चरबी जाळणारा काही रस असला पाहिजे. पण त्या पथ्याची दिवसाची बेरीज होती पाचशे ते सहाशे कॅलरी. इतके कमी खाऊन अर्धा नारळ जवळ ठेवला असता तरी वजन उतरलेच असते.

पुढे मात्र लोलक दोन्ही टोकांना जात राहिला. १९७२ साली डॉक्टर अ‍ॅटकिन्स यांच्या पुस्तकाने पथ्याच्या पहिल्या टप्प्यात फळांना दारच बंद केले. १९८१ साली ज्युडी मेझल यांच्या 'बेव्हर्ली हिल्स' पथ्याने पहिले दहा दिवस फळांशिवाय काहीच खाऊ नका असे सांगितले. नऊ वर्षांच्या अंतरात त्याच देशात एकाने फळाला चोर ठरवले, दुसरीने देव. दोन्ही पुस्तके भरमसाट खपली. आमच्या घरची मावशी आणि शेजारचे गृहस्थ यांचे भांडण केवढे जुने आणि केवढ्या दूरचे होते, हे मला तेव्हा उमजले.

•

येथे आपल्या देशातल्या सर्वांत प्रसिद्ध फलाहारी माणसाची आठवण होणे साहजिक आहे. गांधीजींनी वजनासाठी फलाहार धरला नव्हता. त्यांचा हेतू संयमाचा होता. पण फलाहार म्हणजे नेमके काय, हे त्यांच्या उदाहरणावरून फार चांगले कळते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले आणि लगोलग केवळ फळांवर राहण्याचे ठरवले. त्यांच्या आत्मकथेत त्या फळांची यादी आहे. कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबे आणि ऑलिव्हचे तेल. शेंगदाणे आणि तेल! म्हणजे 'फलाहार' हा शब्द गांधीजींच्या ताटातही आपल्या फराळासारखाच ऐसपैस होता. तिघांची ताटे, म्हणजे गांधीजींचे, बँटिंगचे आणि आईचे, शेजारी शेजारी मांडली तर एकाच शब्दाखाली किती निरनिराळे अन्न बसते ते दिसेल. आणखी एक प्रामाणिक नोंद त्यांनी केली आहे. एकादशीला लोक फळांवर राहतात. आपण तर रोजच फळांवर राहतो, मग आपला उपवास तो कोणता? म्हणून त्यांनी एकादशीला केवळ पाण्यावर राहावयास सुरुवात केली.

१९१४ साली ते लंडनमध्ये बरगडीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टर जीवराज मेहतांनी दूध आणि धान्य घ्या म्हणून आग्रह धरला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा तेथेच होते. फलाहाराच्या तत्त्वज्ञानावर गोखल्यांचा फारसा विश्वास नव्हता. डॉक्टर सांगतील ते खावे, एवढेच त्यांचे म्हणणे. गांधीजींनी विचाराला एक रात्र मागून घेतली, आणि दुधाला मात्र नकारच दिला.

त्यानंतरचा प्रसंग पुण्यातला आहे. १९१५ च्या आरंभी गांधीजी हिंदुस्थानात परतले आणि पुण्याला गोखल्यांकडे आले. गोखले स्वतः मधुमेहाने आणि हृदयाच्या दुखण्याने खचले होते. तरीही त्यांनी भारत सेवक समाजाच्या सभासदांना आणि इतरांना बोलावून पाहुण्यासाठी एक छोटा मेळावा ठरवला. खाण्याला काय ठेवले होते? शेंगदाणे, खजूर आणि हंगामातली ताजी फळे. ज्या आहारावर यजमानाचा विश्वास नव्हता तोच आहार त्याने पाहुण्याच्या आवडीसाठी मांडला होता. मेळाव्याची जागा गोखल्यांच्या खोलीपासून चार पावलांवर. पण तेवढे चालण्याचीही त्यांच्यात शक्ती नव्हती. तरी ते हट्टाने आले, आणि तेथेच त्यांना घेरी आली. त्यांना उचलून आत न्यावे लागले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी निरोप पाठवला, की मेळावा चालू ठेवा. थोड्याच दिवसांत, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले.

हा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. पण आई गेल्यानंतर तो वाचताना माझे लक्ष प्रथमच त्या फळांच्या तबकाकडे गेले. गोखल्यांनी पाहुण्याशी वाद घातला होता तो प्रकृतीविषयी, आणि वाद न जिंकताही त्याच्यापुढे त्याच्या आवडीची फळे ठेवली होती. मी वाद जिंकलो होतो, आणि बशी उचलून नेली होती.

•

इतिहास येथवर आला, की विज्ञानाकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही. सुदैवाने गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची उत्तम छाननी केली आहे. मला सर्वांत आवडलेला प्रयोग १९७७ साली इंग्लंडमध्ये झाला. दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी अख्खी सफरचंदे, सफरचंदाचा लगदा आणि सफरचंदाचा रस असे तीन प्रकार दिले. तिन्हींत पिष्ट आणि साखर सारखीच, ६० ग्रॅम. रस हा अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने पोटात गेला. पोट भरल्याचे समाधान सर्वांत जास्त दिले ते अख्ख्या फळाने, त्याहून कमी लगद्याने आणि सर्वांत कमी रसाने. शिवाय रस प्याल्यानंतर रक्तातली साखर चढली आणि मग झपाट्याने खाली घसरली. अख्ख्या फळाने तसे झाले नाही. साखर तीच, फळ तेच. फरक पडला तो चावण्याचा आणि तंतूंचा. माझ्या शेजाऱ्यांचे 'फळ म्हणजे साखर' हे वाक्य रसाच्या पेल्याला बरेचसे लागू होते; फळाला नव्हे.

ग्रेपफ्रूटचीही रीतसर परीक्षा झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ९१ लठ्ठ व्यक्तींचे गट केले होते. जेवणापूर्वी अर्धे ताजे ग्रेपफ्रूट खाणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत सरासरी १.६ किलो उतरले. ज्यांना औषध म्हणून नुसती पोकळ गोळी दिली त्यांचे ०.३ किलो. फायदा आहे, पण दंतकथेइतका नाही. आणि हेही सांगितले पाहिजे, की त्या प्रयोगाला पैसा फ्लोरिडातील लिंबूवर्गीय फळांच्या सरकारी खात्याने पुरवला होता. तिसरा आधार २०१५ सालचा. अमेरिकेतील १,३३,००० हून अधिक स्त्री-पुरुषांच्या, चोवीस वर्षांपर्यंतच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांनी फळे खाणे वाढवले त्यांचे वजन दर चार वर्षांत किंचित घटलेले आढळले. रोजच्या एका वाढीव वाट्यामागे सुमारे पाव किलो. फळाने चमत्कार होत नाही, आणि फळाने माणूस फुगतही नाही.

मग तात्पर्य काय? मला दिसले ते एवढेच. हजारो वर्षे आणि तीन खंड फिरून आल्यावर प्रश्नच बदलतो. फळ खावे की नाही, हा प्रश्न नव्हे. फळ कशाच्या जागी खावे, हा प्रश्न आहे. चार वाजता बिस्किटाच्या जागी पेरू आला तर तो वजन उतरवण्यास मदत करतो. पोटभर जेवणावर आमरसाची तिसरी वाटी आली तर ती अडथळा करते. बाल्टिमोरचे केळे इतर अन्नाच्या जागी होते म्हणून माणूस रोडावला. आपल्या घरचे केळे इतर अन्नाच्या भरीला असते म्हणून पोर बाळसे धरते. रस काढला, वाळवले, पाकात घातले, की फळाची चाल बदलते; खजूर आणि मनुका मूठभर खाल्ल्या तरी हिशेब मोठा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्लाही बेताचाच आहे. दिवसाला साधारण १०० ग्रॅम फळे, आणि भाज्या त्याहून कितीतरी अधिक. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी किती आणि कोणते हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण विचारताना केवळ फळांचीच नव्हे, चहा आणि खिचडीचीही यादी पुढे ठेवावी.

आईच्या बाबतीत करावयास हवे होते ते किती सोपे होते! एकादशीला खिचडीच्या जागी दोन केळी आणि ताक. चहातली साखर निम्मी. आणि वैशाखात, दुपारच्या जेवणात एक पोळी कमी करून, तिच्या जागी एक आंबा. रस नव्हे, चिरून. तिचे वजन दहा किलो उतरले असते असे मी म्हणत नाही. पण जे काही उतरले असते ते आंबा खाऊनही उतरले असते.

आमच्याकडे आता दिवाळीच्या पहाटे फराळाची बशी भरताना चिवड्याची एक मूठ कमी घालतात आणि त्या जागी सीताफळाचा अर्धा भाग किंवा पेरूच्या चार फोडी ठेवतात. हंगामही त्यांचाच असतो. प्रथम मुलांनी नाके मुरडली. आता फळ दिसले नाही तर विचारतात. पहिली बशी आईच्या तसबिरीपुढे जाते. त्यात कोणतेही फळ असो, मी तक्ता पाहत नाही.